बँकॉकमधील मोकळी संध्याकाळ : सहप्रवाशांबरोबर रात्री बाहेर पडण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकच्या समूह सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा एखाद्या दिवसापुढे ‘संध्याकाळ मोकळी’ एवढेच दोन शब्द छापलेले असतात. दिवसभर बसमधून मंदिरे, राजवाडा आणि बाजार पाहून हॉटेलवर परतलेली तीस-पस्तीस माणसे त्या मोकळ्या वेळाचे काय करतात, यावर सहलीची आठवण पुष्कळ अंशी ठरते, हे महाराष्ट्रातून निघणाऱ्या गटांबरोबर सहलप्रमुख म्हणून जाताना मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्या संध्याकाळी कोणी हौसेने बाहेर पडतो, कोणी खोलीत बसून घरून आणलेला चिवडा खातो आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये इतरांच्या गप्पा ऐकून हळहळतो. प्रवासी मला त्याविषयी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

बाहेर जायचे हे केव्हा आणि कसे ठरवावे?

दुपारच्या जेवणाच्या टेबलावर ठरवावे, रात्री आठ वाजता हॉटेलच्या लॉबीत ठरवू नये. लॉबीत ठरवायला गेले की ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते, ज्यांचे गुडघे दुखत असतात ते काही बोलत नाहीत, आणि चर्चेतच पाऊण तास जातो. दुपारी मात्र प्रत्येक जण बसलेला असतो, घाई नसते, आणि कोणाला काय झेपेल हे निवांतपणे विचारता येते.

सगळ्या गटाने मिळून जाण्याचा आग्रह धरू नये. सहा ते आठ जणांची तुकडी सर्वांत सोयीची असते, कारण ती दोन टॅक्सींत मावते, एका टेबलाभोवती बसते आणि रस्ता ओलांडताना एका नजरेत मोजता येते. तुकडीत एकाने पुढे राहावे आणि एकाने शेवटी. शेवटी चालणाऱ्याचे काम अधिक महत्त्वाचे असते, त्यामुळे ते उत्साही तरुणाला न देता शांत स्वभावाच्या माणसाला द्यावे. निघण्यापूर्वी तुकडीतील नावे, जाण्याचे ठिकाण आणि परतण्याची वेळ सहलप्रमुखाला लिहून कळवावी. सहलप्रमुख बरोबर आला नाही, तरी त्या रात्री तो त्या निरोपाच्या भरवशावरच झोपतो.

मी या सहलीला एकटीच आले आहे. बाकी सगळी जोडपी आणि कुटुंबे आहेत. त्यांच्याबरोबर जाणे अवघड वाटते. काय करावे?

हा प्रश्न मला प्रत्येक सहलीत कोणी ना कोणी हळू आवाजात विचारते, आणि विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षिका असतात, पत्नीच्या निधनानंतर प्रथमच बाहेर पडलेले गृहस्थ असतात, तशा मुलांनी तिकीट काढून पाठवलेल्या आईही असतात. आपल्याकडे ‘त्यांच्यात कशाला मध्ये जायचे’ असा संकोच फार खोल असतो. समोरच्या जोडप्यालाही ‘त्यांना आपण विचारलेले आवडेल का’ असा संकोच वाटत असतो. दोन्हीकडचा संकोच मिळून एक माणूस संध्याकाळभर खोलीत बसतो.

म्हणून एकट्याने आलेल्यांनी संध्याकाळची वाट न पाहता सकाळच्या नाश्त्यालाच स्पष्ट विचारावे, ‘आज रात्री तुम्ही बाहेर जाणार असाल तर मीही येते’. एवढ्या वाक्याला नकार मिळालेला मी आजवर पाहिलेला नाही. गटातील इतरांना माझी विनंती याहून मोठी आहे. आपल्या सहलीत एकट्याने आलेले कोण आहे, हे पहिल्या दिवशीच लक्षात घ्यावे आणि तुकडी ठरवताना त्या व्यक्तीला प्रथम विचारावे. बोलावल्यानंतर तिला फोटो काढण्याच्या कामाला लावू नये, फोटोत घ्यावे.

पहिल्यांदाच बँकॉकला आलो आहोत. एकच संध्याकाळ हाती आहे. कोठे जावे?

माझे स्पष्ट मत विचाराल तर यावारात. हा बँकॉकच्या चायनाटाउनचा मुख्य रस्ता आहे. तो राजा पाचवा राम याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला, आणि जेमतेम दीड किलोमीटर लांबीचा आहे. दिवसा तेथे सोन्याची दुकाने आणि वाहनांची कोंडी यांपलीकडे फारसे काही जाणवत नाही. अंधार पडला की दुकानांवरच्या चिनी अक्षरांच्या लाल-पिवळ्या पाट्या उजळतात, पदपथाच्या कडेला घडीच्या खुर्च्या आणि पत्र्याची टेबले मांडली जातात, आणि तो सगळा रस्ता एखाद्या जत्रेसारखा दिसू लागतो. भूमिगत मेट्रोचे वाट मांगकोन हे स्थानक २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून येथे पोहोचणे फार सोपे झाले आहे. सोमवारी मात्र पदपथावरच्या पुष्कळ गाड्या बंद असतात, तेव्हा वार पाहून बेत करावा.

येथे एक गोष्ट आवर्जून शोधावी. लोखंडी बिडाला गोल खळगे पाडलेले असतात, त्यांत बाई पळीने तांदळाच्या पिठाचे आणि नारळाच्या दुधाचे पातळ मिश्रण ओतते, वर झाकण ठेवते, आणि दोन-तीन मिनिटांनी चमच्याने एकेक वाटी सोडवून दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडते. याला खनोम क्रोक म्हणतात. आमच्या एका सहलीत सावंतवाडीकडच्या एक काकू त्या गाडीसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, हे तर आपले आप्पेपात्र!’ मग गाडीवालीने खुणेनेच त्यांच्या हाती चमचा दिला आणि त्यांनी चार-पाच आप्पे न मोडता सोडवून दाखवले. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता. खनोम क्रोकची कड कुरकुरीत आणि आतला भाग जवळजवळ खिरीसारखा असतो, त्यामुळे गार होण्यापूर्वी पण फुंकर घालून खावे. वर कधी मक्याचे दाणे, कधी कांद्याची पात असते. कांदा न खाणाऱ्यांनी आधी पाहून घ्यावे.

दुसरा पर्याय नदीचा. चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावरचे वाट अरुण हे मंदिर, ज्याच्या नावात आपला अरुण आहे, रात्री दिव्यांनी उजळते आणि ते नदीतून किंवा समोरच्या तीरावरून पाहणे अधिक सुंदर असते. सफान ताक्सिन या स्कायट्रेनच्या, म्हणजे उंच पुलावरून धावणाऱ्या रेल्वेच्या, स्थानकाला लागूनच साथोर्न धक्का आहे. तेथून २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयकॉनसियाम या भव्य संकुलाकडे नाव जाते. संकुलासमोरच्या मोकळ्या काठावर बसून नदीवरची वर्दळ पाहायला काहीच पैसे पडत नाहीत, आणि ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांच्यासाठी मी हीच जागा सुचवते.

भाविक मंडळींना चित लोम स्थानकाजवळचा एरावान देव्हारा आवडतो. तेथे चतुर्मुख ब्रह्मदेवाची मूर्ती आहे. १९५६ मध्ये त्या जागी हॉटेल बांधताना अडचणी आणि अपघात होऊ लागले, म्हणून ही स्थापना झाली. नवस फेडायला आलेले भक्त तेथे पारंपरिक वेशातील नर्तकींकडून देवासमोर नृत्य करवतात. ब्रह्मदेवाची नित्य पूजा आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळते, त्यामुळे आपली माणसे तेथे बराच वेळ रेंगाळतात. जवळच, मोठ्या व्यापारी संकुलासमोर गणपतीचाही देव्हारा आहे. थाई लोक त्याला फ्रा फिकानेत म्हणतात आणि कलांचा व यशाचा देव म्हणून भजतात. हा देव्हारा पाहिल्यावर गटातील कोणीतरी हमखास आरती सुरू करते. हळू आवाजात एक आरती म्हणायला कोणी हरकत घेत नाही, मात्र टाळ्यांचा गजर करून इतरांच्या प्रार्थनेत व्यत्यय आणू नये.

आम्ही शाकाहारी आहोत. रस्त्यावर आम्हाला खाण्यासारखे काही मिळेल का?

मिळेल, पण विचारण्याची पद्धत ठाऊक हवी. थाई स्वयंपाकात माशाचे आंबवलेले पाणी, म्हणजे नाम प्ला, मिठाच्या जागी वापरतात. त्यामुळे भाज्यांचीच दिसणारी परतणी प्रत्यक्षात शाकाहारी नसण्याची शक्यता मोठी असते. नुसते ‘चिकन नको’ असे सांगितल्याने काम होत नाही, कारण चिकन काढून त्याच रश्शात भाजी मिळते.

यासाठी थाई भाषेत दोन शब्द आहेत. ‘मांगसाविरात’ हा शब्द आपल्या ‘मांस’ आणि ‘विरति’ या शब्दांपासूनच बनला आहे. त्याचा अर्थ मांस-मासे नसलेले असा होतो, पण त्यात अंडे असू शकते. दुसरा शब्द ‘जे’. ही चिनी बौद्ध परंपरेतील कडक शाकाहाराची पद्धत असून तीत मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, पण कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. ‘जे’ पदार्थ विकणाऱ्या गाडीवर लाल अक्षरांचा पिवळा झेंडा किंवा पिवळी पाटी लावलेली असते. म्हणून जैन प्रवाशांना मी नेहमी सांगते की पिवळा झेंडा शोधा. बटाटा आणि इतर कंदमुळे त्यात चालतात, त्यामुळे तेवढे वेगळे पाहून घ्यावे लागते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव असतो आणि बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो. त्या दिवसांत यावारातचा रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो. उपवास न करणाऱ्या शाकाहारी माणसाला बँकॉकमध्ये याहून चांगला काळ नाही.

‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचे पाणी घालू नका, ‘माय साय खाय’ म्हणजे अंडे घालू नका, आणि ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको. ही वाक्ये फोनमध्ये थाई लिपीतही उतरवून ठेवावीत, कारण थाई भाषेत स्वर चढला-उतरला की अर्थ बदलतो आणि आपला उच्चार विक्रेत्याला कळेलच असे नाही. फळे, भाजलेले चेस्टनट, आंब्याबरोबरचा नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आपल्या पपनसाच्या सोललेल्या फोडी यांत सहसा शंका घ्यावी लागत नाही. अगदीच भारतीय जेवण हवे असेल तर चायनाटाउनला लागूनच पाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग आहे. तेथे मोठा गुरुद्वारा आहे आणि शाकाहारी भोजनालयेही आहेत, परंतु तेथील बरीच दुकाने लवकर बंद होतात, म्हणून आधी जेवून मग यावारातला जावे.

आमच्या सहलीत डिनर क्रूझ आहेच. ती झाल्यावर पुन्हा बाहेर जाणे शक्य असते का?

क्रूझ साधारण दोन तासांची असते. उतरून बसपर्यंत चालत येण्यात आणि हॉटेलवर पोहोचण्यात आणखी तासभर जातो. अनेक बोटींवर हिंदी गाणी लागतात, आपली मंडळी मनसोक्त नाचतात आणि परतेपर्यंत थकलेली असतात. त्या रात्री वेगळा बेत करू नये, हा माझा अनुभव आहे. फार तर हॉटेलजवळच्या चोवीस तास उघड्या दुकानापर्यंत चालत जाऊन दही किंवा आइसक्रीम घ्यावे.

जाण्या-येण्यासाठी कोणते वाहन बरे? रात्री उशिरा काय मिळते?

जाताना स्कायट्रेन किंवा मेट्रो घ्यावी, कारण संध्याकाळच्या कोंडीत टॅक्सी एका चौकात वीस मिनिटे उभी राहू शकते. या दोन्ही सेवा साधारण मध्यरात्रीपर्यंत चालतात, पण गाडी बदलायची असेल तर साडेअकराच्या आत फलाटावर असावे. नदीतून धावणाऱ्या प्रवासी बोटी त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. त्यामुळे जाताना बोटीने गेलो म्हणजे येताना बोट मिळेल, असे गृहीत धरू नये.

परतताना टॅक्सीला मीटर चालू करायला सांगावे. चालकाने नकार दिला तर वाद न घालता दुसरी पाहावी, किंवा फोनवरील ॲपने गाडी बोलवावी, ज्यात भाडे आधीच दिसते. दोन टॅक्सी असतील तर पुढच्या टॅक्सीतल्यांनी हॉटेलच्या दारात मागच्यांसाठी थांबावे, खोलीत निघून जाऊ नये. टुकटुकमध्ये, म्हणजे तेथील तीनचाकी रिक्षात, एकदा जरूर बसावे, पण लांबच्या अंतरासाठी नव्हे. तिला मीटर नसतो, म्हणून फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडा लिहून दाखवावा आणि तो सर्वांचा मिळून आहे हे खुणेने पक्के करून घ्यावे. एका टुकटुकमध्ये तिघेच नीट बसतात. ‘आज अमुक ठिकाण बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ असे सांगणाऱ्या चालकाबरोबर कधीही जाऊ नये. तो बहुधा ज्याच्याकडून त्याला दलाली मिळते अशा दुकानात नेतो.

खर्चाची वाटणी कशी करावी? यावरून नंतर कुरबुर होते.

होते, आणि ती पाच-पन्नास बाटांवरूनच होते. आपण बोलीत ज्याला ‘काँट्री’ म्हणतो ती निघण्यापूर्वीच काढावी. समजा प्रत्येकी ५०० बाट एका पाकिटात जमा करून ते एकाच्या हाती द्यावे, टॅक्सी आणि सर्वांनी मिळून खाल्लेले पदार्थ त्यातून भागवावेत, आणि उरलेले पैसे त्याच रात्री लॉबीत परत वाटावेत. दुसऱ्या दिवसावर हिशेब टाकू नये. मद्य, स्वतःची खरेदी आणि मसाज ज्याचा त्याने द्यावा. जो पीत नाही त्याच्या पैशांतून बिअर येऊ लागली की पुढच्या संध्याकाळी तो येत नाही, आणि न येण्याचे खरे कारणही सांगत नाही.

एका बाटाचा भाव साधारण अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान असतो. पदपथावर रोख पैसेच चालतील असे धरून जावे. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढताना स्थानिक बँक दर वेळी २०० बाटांहून अधिक शुल्क घेते, म्हणून वारंवार थोडे थोडे काढू नयेत. मोठ्या उपाहारगृहांत यादीतील किमतीवर १० टक्के सेवाशुल्क आणि ७ टक्के कर वेगळा लागू शकतो, तो मागवण्यापूर्वी विचारून घ्यावा.

गटातील काही जण मद्य घेतात, काही अजिबात घेत नाहीत. सर्वांनी एकत्र जावे का?

एकत्र जेवावे, त्यानंतर ज्यांना पुढे बारमध्ये जायचे असेल त्यांनी वेगळे व्हावे, पण बाकीच्यांना टॅक्सीत बसवून दिल्यानंतर. थायलंडमध्ये मद्यासाठी किमान वय २० वर्षे आहे, त्यामुळे सहलीला आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना आई-वडिलांसमोरही ते मिळणार नाही. प्रमुख बौद्ध सणांच्या दिवशी मद्यविक्रीवर निर्बंध असतात. विद्युत सिगारेट तेथे बेकायदा आहे. गांजाच्या नावाच्या पाट्या रस्त्यावर दिसतील, पण त्या वाटेला जाऊ नये. त्याचे नियम तेथे वारंवार बदलत आहेत आणि तो भारतात आणणे हा गंभीर गुन्हा आहे. कोणी हसत हसत बिस्किट किंवा मिठाई पुढे केली, तरी तीत काय आहे हे कळल्याशिवाय खाऊ नये.

पॅटपाँगसारख्या देहविक्रय चालणाऱ्या बारच्या भागात जाण्याचा काही पुरुष प्रवासी आग्रह धरतात. सहलप्रमुखाने न्यावे का?

मी नेत नाही आणि कोणी नेऊही नये. तेथील वरच्या मजल्यांवरच्या ठिकाणी प्रवेश फुकट सांगून बाहेर पडताना हजारो बाटांचे बिल पुढे करण्याचे प्रकार जुने आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे माणसांचा बाजार मांडलेला असतो, आणि आपल्या सहलीची संध्याकाळ त्यासाठी नाही.

गर्दीत चुकामूक झाली तर काय करावे?

याविषयी मी सविस्तर लिहिते, कारण चूक माझ्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी यावारातला आम्ही नऊ जण होतो. चेस्टनट भाजण्याची काळ्या खड्यांची मोठी कढई फिरताना पाहायला सत्तरीचे एक काका थांबले आणि आम्ही पुढे गेलो. पुढच्या चौकात मी मोजले तेव्हा आठ भरले. काकांच्या फोनला तेथील जोडणी नव्हती, हॉटेलचे कार्ड खोलीत राहिले होते, आणि हॉटेलच्या नावाची आणखी दोन हॉटेले शहरात होती. आमच्यातले चौघे चार दिशांना शोधायला गेले, ही दुसरी चूक, कारण त्यामुळे आता पाच जण वेगवेगळ्या ठिकाणी होते. चाळीस मिनिटांनी काका सापडले ते मेट्रो स्थानकाच्या दारात. ‘सगळे शेवटी एकत्र येथेच होतो, म्हणून येथे आलो,’ असे ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या पत्नीचा हात मी तोवर धरून ठेवला होता आणि तो बर्फासारखा गार पडला होता.

तेव्हापासून मी काकांचाच नियम सर्वांना सांगते. हरवलेल्याने शोधत फिरू नये, जेथे सगळे शेवटचे एकत्र थांबले होते तेथे परत जाऊन उभे राहावे, आणि तुकडीतील एकानेच तेथे परत यावे. यावारातला उतरल्यावर अशी जागा आधीच दाखवून ठेवावी. मेट्रोचे दार चालते, किंवा रस्त्याच्या टोकाची मोठी चिनी कमान चालते, जी राजा भूमिबोल यांच्या ७२व्या वाढदिवसानिमित्त १९९९ मध्ये उभारली गेली आणि जी कोणालाही विचारली तरी दाखवतील. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचे थाई भाषेतील कार्ड हवे. टॅक्सीचालकाला इंग्रजी अक्षरांपेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे आणि रुग्णवाहिकेचा १६६९. भारतीय दूतावास सुखुमवित मार्गाच्या २३व्या गल्लीत आहे. गल्लीला तेथे ‘सोय’ म्हणतात.

पासपोर्ट आणि दागिने बरोबर न्यावेत का?

मूळ पासपोर्ट खोलीतील तिजोरीत ठेवावा, प्रत आणि फोनमधील छायाचित्र बरोबर न्यावे. मंगळसूत्र आणि पाटल्या भारतातच ठेवून आलेले उत्तम.

माझी खोलीतली जोडीदार बाहेर येत नाही. किल्ली कोणाकडे ठेवावी?

प्रश्न लहान वाटतो, पण रात्री साडेअकराला दार ठोठावून झोपलेल्या माणसाला उठवावे लागते तेव्हा तो लहान राहत नाही. बहुतेक हॉटेलांत कार्ड भिंतीच्या खाचेत असेपर्यंतच दिवे आणि वातानुकूलन चालते, त्यामुळे ते काढून नेता येत नाही. स्वागतकक्षात दुसरे कार्ड मागितले की मिळते. ते पहिल्याच दिवशी मागून ठेवावे.

आम्हा ज्येष्ठांना फार चालवत नाही. आमच्यासाठी काय?

पायाचा मसाज. हॉटेलच्या आसपास चांगली ठिकाणे असतात, सात-आठ जणांना एकाच रांगेत आरामखुर्च्यांवर बसता येते, आणि तासभर गप्पाही होतात. थाई मसाजचा, म्हणजे नुअत थाईचा, २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि वाट फो मंदिरातील त्याची शिकवण प्रसिद्ध आहे. मधुमेह असलेल्यांनी, किंवा पायाला जखम अथवा सूज असलेल्यांनी सुरुवातीलाच सांगावे आणि हलक्या हाताने करायला लावावे, किंवा करूच नये.

बाहेर न जाता हॉटेलातच पत्ते खेळत बसलो तर?

खेळावे, पण एक कायदा माहीत हवा. थायलंडच्या १९३५च्या पत्तेविषयक कायद्यानुसार एका व्यक्तीजवळ १२० पेक्षा अधिक पत्ते असणे हा गुन्हा ठरू शकतो. जोकरांसह दोन कॅट १०८ पानांचे होतात, म्हणजे मोठ्या रमीसाठी बॅगेत तिसरा कॅट टाकला की मर्यादा ओलांडली. हा कायदा केवळ कागदावर नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी मंडळींना, त्यांतील बहुतेक वयस्क होती, पोलिसांनी ताब्यात घेतले होते. पैसे लावून खेळणे तर पूर्णपणे टाळावे. मेंढीकोटाला एक कॅट पुरतो.

रीतिरिवाजांच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

संध्याकाळी ६ वाजता स्थानकांवर आणि बागांमध्ये राष्ट्रगीत लागते. तेव्हा सगळे जागच्या जागी थांबतात, आपणही थांबावे. नोटेवर राजाचे चित्र असते, म्हणून हातातून निसटलेली नोट पायाने अडवू नये. राजघराण्याविषयी थट्टेने किंवा रागाने काहीही बोलू नये, कारण त्यासाठी ३ ते १५ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. मराठीत बोललो तरी कोणाला कळते, असे समजून मोठ्याने शेरे मारू नयेत. लहान मुलाच्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवण्याची आपली सवय तेथे आवरावी, कारण मस्तक पवित्र मानतात. मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे दिसले की आपल्या बायका चटकन विकत घेऊन केसांत माळतात, पण ते हार देवाला वाहण्यासाठी असतात.

आभार मानताना स्त्रियांनी ‘खोप खुन खा’ आणि पुरुषांनी ‘खोप खुन ख्रप’ म्हणावे. रात्री निरोप घेताना ‘रात्री सवत’ म्हणतात. त्यातले ‘रात्री’ आणि ‘स्वस्ति’ हे दोन्ही शब्द आपल्याला ओळखू येतात, आणि मसाज करणाऱ्या बाईला किंवा हॉटेलच्या दरवानाला ते म्हटले की चेहरा लगेच खुलतो.

नोव्हेंबरात आमची सहल लॉय क्राथोंगच्या दिवशी बँकॉकमध्ये आहे. त्या रात्री बाहेर पडावे का?

अवश्य पडावे. थाई पंचांगाच्या बाराव्या महिन्यातील पौर्णिमेला हा सण असतो, आणि तो बहुधा आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्याच रात्री येतो. केळीच्या खुंटाची चकती कापून तिच्याभोवती केळीच्या पानाच्या दुमडलेल्या पाकळ्या टाचतात, मध्ये झेंडू किंवा इतर फुले, एक मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या खोचतात, आणि तो क्राथोंग नदीमातेची क्षमा मागून पाण्यात सोडतात. धक्क्याबाहेर हे क्राथोंग तयार मिळतात. थर्मोकोलचे घेऊ नयेत, केळीचेच घ्यावेत.

त्या रात्री नदीकाठी अतोनात गर्दी असते आणि तराफ्यासारखे धक्के हलत असतात, त्यामुळे लहान मुलांना आणि तोल जाणाऱ्या ज्येष्ठांना मुख्य धक्क्यांवर नेऊ नये. शहरातल्या अनेक बागांतील तळ्यांवर आणि मंदिरांजवळच्या पाण्यावरही लोक क्राथोंग सोडतात. तेथे काठावर बसता येते. गेल्या खेपेस आम्ही अशाच एका तळ्यावर होतो. काडीपेटी कोणीच आणली नव्हती. शेजारच्या एका थाई कुटुंबातील मुलीने आपल्या मेणबत्तीवरून आमची मेणबत्ती पेटवून दिली आणि मग आमच्या आठही जणांचे दिवे एकमेकांवरून लागले. तेव्हा काडीपेटी विसरू नये, आणि निघताना परतीची टॅक्सी बागेच्या दाराशी न शोधता दोन गल्ल्या पुढे चालत जाऊन शोधावी.